तरंगत्या खडीतला चुना

आमच्या कारखान्यात पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्यापुढं पाण्याची बादली ठेवायची पद्धत होती. बादलीत आमच्या खडीच्या बोराएवढ्या तपकिरी गोळ्या तरंगत असायच्या. पाहुणा एक उचलून नखानं खरवडायचा, दगडावर आपटायचा आणि फुटली नाही की आमच्या तोंडाकडं बघायचा. एकदा माजलगावकडचे एक आजोबा आले. त्यांना नातवाच्या घरावर स्लॅब टाकायचा होता. गोळी तळहातावर झेलत ते म्हणाले, "ह्याला वजनच न्हाई, तर ताकद कुटून येणार?" आमचे भट्टीवाले गफूरचाचा तिथंच उभे होते. ते म्हणाले, "बाबा, पाखराचं हाड हलकंच असतंय. कमजोर असतंय का?" आजोबांनी थोडा विचार केला आणि खडी बुक केली.

मी या कारखान्यात एकवीस वर्षं काम केलं. त्यातली बहुतेक तपासणीच्या खोलीत. लोक मला 'टेस्टिंगवाल्या सुमनबाई' म्हणायचे. दिवाळी अंकासाठी लिहा असं तुम्ही म्हणाल्यावर मला आधी गमतीजमतीच आठवल्या. पण लिहायला बसले तर हात एकाच वर्षापाशी जाऊन थांबतोय, तेव्हा तेच लिहिते.

आधी धंदा सांगते, कारण बाहेरच्या माणसाला तो ठाऊक नसतो. वीजकेंद्रांना रेल्वेनं कोळसा येतो. त्या कोळशाबरोबर खाणीतला एक काळा, पापुद्र्यांचा दगड येतो. त्याला शेल म्हणतात. तो जळत नाही, नुसती राख वाढवतो, म्हणून पट्ट्यावरून वेचून बाजूला टाकतात. वेचायचं काम बायकांचं. माझी सुरुवात तिथलीच. केजला बारावी सायन्स झालेली मी, नवरा एसटीत वाहक, घरात दोन मुली. मिळेल ते काम धरलं. दिवसभर दगड वेचायचा आणि संध्याकाळी हातापायांचा काळा रंग घासून काढायचा. वेचलेल्या दगडाचे डोंगर साठले होते. पावसाळ्यात त्यांचं काळं पाणी ओढ्याला जायचं आणि उन्हाळ्यात त्यांची धूळ आसपासच्या कापसावर बसायची.

प्रतापदादांनी त्या डोंगराकडं बघून कारखाना काढला. दादा जमीनदार घरातले; चुलते राजकारणात, भाऊ गुत्तेदारीत, म्हणजे बांधकामाच्या कंत्राटांत. यांनी मात्र इंजिनियरिंग केलं होतं. त्यांनी केज आणि परळीच्या मधल्या माळावर शेड उभी केली. शेल आणून बारीक दळायचा. त्यात चिकटपणासाठी माती चाळून मिसळायची. मग एका मोठ्या कलत्या, फिरत्या परातीत ते पीठ टाकून वर पाण्याचा फवारा मारायचा. पीठ लोळता लोळता त्याच्या गोळ्या होतात. त्या वाळवून भट्टीत सोडायच्या. भट्टी म्हणजे आडवं, किंचित उतरतं, संथ फिरणारं लोखंडी नळकांडं, आतून भट्टीच्या विटांचं. आत अकराशे-साडेअकराशे अंशाची आग. तिथं गोळीची कातडी मऊ होते, शेलमध्ये कोंडलेला वायू बाहेर यायला बघतो, त्याला वाट मिळत नाही आणि गोळी ज्वारीच्या लाहीसारखी आतून फुलते. थंड झाली की वर कडक कवच, आत जाळी. काँक्रीटमध्ये नेहमीच्या खडीऐवजी ती वापरली की स्लॅबचं वजन चांगलंच उतरतं. जुन्या भिंतीवर नवा मजला चढवायचा असेल तर हाच माल उपयोगी.

पहिल्याच ट्रकचा किस्सा आमच्याकडं कायम सांगितला जायचा. ड्रायव्हरनं गाडी काठोकाठ भरली आणि घाबरत घाबरत वजनकाट्यावर नेली. काटेवाल्यानं आकडा बघितला, गाडी मागं घ्यायला लावली, परत चढवली, खाली उतरून ट्रकच्या भोवती फिरला आणि म्हणाला, "जा बाबा तू. माझा काटाच बिघडलाय."

मला तपासणीच्या खोलीत बसवलं ते एका म्हाताऱ्या इंजिनियरसाहेबांनी. कारखाना सुरू करून द्यायला ते तीन महिने आमच्याकडं राहिले होते. वेचणाऱ्या बायकांत बारावी सायन्सची कोणी आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी हात वर केला. त्यांनी मला वजन, पाणी शोषण, गोळी दाबून फोडायची चाचणी असं सगळं शिकवलं आणि स्वतःच्या हातानं एक वही लिहून दिली. वहीत एक वाक्य लाल शाईनं लिहिलेलं होतं: 'मातीची जागा बदलली की वाफेची चाचणी. चुकवू नये.' ही चाचणी म्हणजे तयार गोळ्या प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन तास वाफेवर ठेवायच्या. मातीत चुनखडीचे खडे असतील तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. तो गोळीत गप्प बसून राहतो. पुढं ओल लागली की पाणी पितो, फुगतो आणि भोवतालचं फोडून बाहेर येतो. वाफेनं ते दोन-तीन तासांतच कळतं.

आमची माती आधी जवळच्या टेकडीवरून यायची. एका उन्हाळ्यात ती जागा बंद झाली. त्याच सुमारास माजलगावच्या धरणाकाठचा गाळ निघत होता, शेतकरी ट्रॉल्या भरभरून शेतात नेत होते. दादांनीही आणवला. काय सुंदर गाळ होता तो! परातीत पडला की गोळ्या अशा गोल वळायच्या की गफूरचाचा म्हणाले, "बेटा, ह्यो तर लोण्यावानी हाय." मी गोळ्या तपासल्या. वजन उत्तम, ताकद उत्तम, पाणी कमी पीत होत्या. राहिली वाफेची चाचणी. आमच्या खोलीतल्या कुकरचं रबर महिन्याभरापूर्वी गेलं होतं आणि वाफ धरत नव्हती. केजला गेले की रबर आणायचं म्हणत होते, दर वेळी राहून जात होतं. खाली माल भरायला गाड्या उभ्या होत्या. इतकी वर्षं कधी चुना निघाला नव्हता. मी वाफेच्या चाचणीपुढं 'ठीक' लिहिलं आणि खाली सही केली.

कोणी दडपण आणलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. दादांना विचारलं असतं तर त्यांनी मोटारसायकलवरून माणूस पाठवून रबर मागवलं असतं. मी विचारलंच नाही.

पावसाळा गेला. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडत होते, तर फाटकापाशी एक बाई बसलेली दिसली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, कपाळावर ठळक गोंदण. पहिल्या एसटीनं आली होती आणि नाक्यापासून माळ तुडवत चालत आली होती. मला बघून उठली.

"खडीचा कारखाना ह्योच का?"

"हो. काय पाहिजे?"

"मला काय नगं. दावायचंय." तिनं पदराची गाठ सोडली. आत काँक्रीटचे पाच-सहा कपचे होते, निमुळते, लहान मुलांच्या भोवऱ्यासारखे. "ह्ये माझ्या स्लॅबातून पडायलेत. पावसाळा लागल्यापून रोज एक-दोन पडत्यात. परवा लेकीच्या ताटात पडला."

तिचं नाव चंदाबाई. लिंबागणेश गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर तिचं घर. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जात. मागच्या हंगामातून परत आल्यावर त्यांनी घराचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकला होता. भिंती जुन्या, मातीच्या जोडाईच्या. मिस्त्री म्हणाला की साधा स्लॅब या भिंतींना पेलणार नाही, हलकी खडी आणा. म्हणून त्यांनी आमचा माल नेला होता.

मी एक कपचा उलटा केला. निमुळत्या टोकावर आमची अर्धी फुटलेली गोळी होती आणि गोळीच्या पोटात पांढरा ठिपका. ज्वारीच्या दाण्याएवढा.

गफूरचाचा भट्टीवरून उतरून आले होते. त्यांनी कपचा हातात घेतला, ठिपक्यावर ओलं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. ते काही बोलायच्या आधी चंदाबाईच म्हणाली, "चुना हाय न्हवं? म्या पानाला लावते. मला वळखू येतो."

"चुना हाय," चाचा म्हणाले. त्यांच्या वडिलांनी उभी जिंदगी चुन्याच्या भट्टीवर काढली होती. "गाळातून आला. शेल आपुन दळतो, माती निस्ती चाळतो. बारीक खडं चाळणीतून गेलं." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "तू वाफ दिलती ना बेटा?"

मी मान हलवली, नाही अशी. त्यांनी कपचा चंदाबाईच्या हातात परत दिला.

चंदाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "कावून गप झालात? स्लॅब पडंल का माजा?"

"पडणार नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. चुन्यानं असे कपचे उडतात, छताला खड्डे पडतात, पुढं सळईला गंज धरतो. पण स्लॅब एकाएकी कोसळत नाही. "पण हे थांबणारही नाही. सगळा चुना संपेपर्यंत पडतच राहील."

आणि हे बोलतानाच मला आठवलं की काल त्याच ढिगातला माल तात्यांच्या गावी गेला होता.

तात्या म्हणजे प्रतापदादांचे चुलते. दोनदा सभापती राहिलेले, केज तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन. गावातल्या सोसायटीच्या जुन्या गोदामावर ते मुलींसाठी अभ्यासिका बांधत होते. पोलीस भरती, तलाठी असल्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलींना घरात बसायला जागा नसते, म्हणून. गोदाम जुनं असल्यामुळं वर हलकाच स्लॅब हवा होता. मी तिथल्या बांधकामाच्या गुत्तेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, बारा वाजता नारळ फोडायचा हाय. पावणेरावळे आलेत. काय काम हाय?"

दादा पुण्याला गेले होते. त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सहीचंही. त्यांनी सहीचं मला दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मी निघतो. मी पोचेपर्यंत तात्यांसमोर तोंड उघडू नकोस."

"दादा, तुम्ही पोचेपर्यंत स्लॅब भरून झालेला असेल."

"झाला तर झाला. खालून जाड प्लास्टर करू. बघू."

मी फोन ठेवला. कारखान्याची पिकअप उभी होती. मी ड्रायव्हरला हाक मारली. चाचांनी न सांगताच भट्टी जोडीदाराच्या हवाली केली आणि मागं चढले. चंदाबाईला म्हटलं, तुम्ही इथं थांबा, चहा घ्या. ती म्हणाली, "म्या कशाला थांबू? माजाच माल दावायचा हाय न्हवं?" आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

तासाभरात आम्ही पोचलो. गोदामापुढं मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, एका बाजूला आचारी भाताचं आधण ठेवत होते. मिक्सर लावलेला, मजुरांची रांग तयार, आणि मांडवाच्या कडेला आमच्या खडीचा तपकिरी ढीग. तात्या पांढऱ्या कपड्यांत पाहुण्यांत बसले होते. मी पुढं जाऊन नमस्कार केला.

"या या, सुमनबाई," तात्या म्हणाले. "प्रताप न्हाई आला का?"

"तात्या, हा माल वापरू नका. यात चुना असायची शक्यता आहे."

गुत्तेदार पुढं आला. "आसं कसं म्हणता बाई? तुमच्याच कारखान्याचा माल हाय." मग चाचांकडं वळून म्हणाला, "का बे गफूर, काय भानगड हाय ही?"

"भानगड न्हाई. चुना हाय," चाचा म्हणाले.

चंदाबाईनं पदराची गाठ सोडून कपचे तात्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवले. एवढ्या माणसांत ती बिचकेल असं मला वाटलं होतं. ती बिचकली नाही. "ह्ये माज्या घराचं हायेत," ती म्हणाली. "तुमच्यात लेकी बसणार हायेत म्हणं वाचायला. त्यांच्या डोळ्यात पडंल."

तात्यांनी एक कपचा उचलला, बघितला, खाली ठेवला. "ही तुमच्या घराची खडी. माझी खडी तशीच हाय, हे कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, "तुमच्या ढिगातली घेऊ. एक प्रेशर कुकर द्या आणि दोन तास द्या."

"दोन तास? मुहूर्त बाराचा हाय!" गुत्तेदार ओरडला.

तात्या उठले. आता हे आपल्याला हाकलून देणार, असं वाटलं. त्यांनी घराकडं तोंड करून सुनेला हाक मारली. "कुकर आण गं. मोठा." मग आचाऱ्याला म्हणाले, "आधी पंगत बसवा. स्लॅब नंतर बघू."

तात्यांच्या सुनेनं कुकर आणला, गॅसची शेगडीही आणली. मी ढिगाच्या वरून, मधून, तळातून अशा दोन ओंजळी गोळ्या घेतल्या. मांडवाच्या कोपऱ्यात शेगडी पेटवली आणि समोर पाट घेऊन बसले. तिकडं पंगती उठत होत्या, इकडं कुकर शिट्ट्या देत होता. पाणी संपत आलं की थंड करून, पाणी घालून पुन्हा लावायचा. येणारे-जाणारे विचारायचे, काय शिजतंय? सून सांगायची, खडी शिजतीय. एक म्हातारा म्हणाला, "मीठ घातलं का?"

मला हसू आलं नाही. त्या दोन तासांत मी दोन उलट गोष्टींची प्रार्थना करत होते. गोळ्या शाबूत निघाव्यात, म्हणजे एवढा तरी माल वाचेल. आणि शाबूत निघाल्या तर पूर्ण पंगतीसमोर मी वेडी ठरेन, म्हणून फुटाव्यात. कुठली प्रार्थना जास्त जोरात करत होते ते आजही सांगता येणार नाही.

दोन तासांनी कुकर उघडला. सुनेनं स्टीलच्या परातीत गोळ्या ओतल्या. बहुतेक चांगल्या होत्या. सात गोळ्या दुभंगल्या होत्या आणि त्यांच्या पोटातून पांढरी, मऊ भुकटी बाहेर आली होती. परातीत पाणी दुधाळ झालं होतं.

तात्यांनी परातीवर वाकून बघितलं. मग खिशातून चष्मा काढला आणि गुत्तेदाराला म्हणाले, "मालाबरोबर कागद आला असंल. आण."

त्यानं कागद आणला. तात्यांनी तो माझ्याकडं न देता स्वतःच वाचला. मोठ्यानं. वजन ठीक. ताकद ठीक. पाणी शोषण ठीक. "वाफेची चाचणी, ठीक." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आन खाली सही हाय. कुणाची हो ही?"

"माझी."

"मग चाचणीत चुना कसा न्हाई दिसला?"

सबंध मांडव ऐकत होता. चाचा माझ्या मागं उभे होते. कुकर बिघडला होता, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"मी ती चाचणी केलीच नव्हती," मी म्हणाले. "न करता ठीक लिहिलं."

तात्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. गुत्तेदाराला म्हणाले, "मजुरांना जेवू घाल. माल उचलायला लाव." एवढं बोलून घरात निघून गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना निम्मा रस्ता मागं पडला. मग चंदाबाई म्हणाली, "म्हंजी माझ्या टायमाला भी तुमी तपासलं नव्हतं."

"नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. नाक्यावर उतरताना तिनं एवढंच विचारलं, "दसऱ्यानंतर आमी तोडीला जातोव. सासू आन दोनी पोरी घरीच ऱ्हात्यात. त्यांनी कुटं निजायचं, ते सांगा."

दादा संध्याकाळी आले. सरळ माझ्या खोलीत आले, वही उघडून लाल शाईचं वाक्य वाचलं आणि मिटून ठेवली. त्यांना माझा राग आला होता, आणि मी त्यांचं न ऐकता गेले याचा त्याहून जास्त आला होता. बोलून बोलून ते दमले, तेव्हा मी म्हणाले, "दादा, चंदाबाईचा स्लॅब काढावा लागेल. ती तोडीला जायच्या आत."

"खालून जाळी ठोकून प्लास्टर करू."

"प्लास्टरसकट खाली येईल. चुना प्लास्टर बघून थांबत नाही."

दादा कोपरं टेबलावर टेकवून बसले. ते वाईट माणूस नव्हते. नाव आताच कुठं व्हायला लागलं होतं आणि आता ते तालुकाभर वेगळ्याच कारणानं झालं होतं. शेवटी म्हणाले, "काढू. पण ह्या खोलीत तू उद्यापासून बसायचं नाही."

ते बरोबरच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. एक वर्ष मी परातीवर काम केलं. गोळ्या वळताना पाण्याचा फवारा सांभाळायचा. तपासणीला आष्टीकडची एक डिप्लोमा झालेली मुलगी आली. ती मला विचारून विचारून काम करायची आणि सही स्वतः करायची.

गाळाच्या गोळ्यांचा उरलेला ढीग फेकून द्यावा लागेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो वाचवला चाचांनी. "चुन्याला पानी पाजा," ते म्हणाले. "त्याला जे फुटायचंय ते आदीच फुटू द्या." आम्ही खड्डे खणून गोळ्या महिनाभर भिजत ठेवल्या. मग सुकवून चाळल्या. फुटक्या रस्त्याच्या भरावाला गेल्या, शाबूत कुंड्यांसाठी नर्सरीवाल्यांना. नव्या मालात मातीही दळून घ्यायला लागलो. पिठासारखा झालेला चुना सगळीकडं सारखा पसरतो, मग तो कोणाला फोडत नाही. हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

चंदाबाईचा स्लॅब दसऱ्याच्या आधी फोडला. त्यांचा संसार अंगणात ताडपत्रीखाली मांडला होता. मी सुट्टी घेऊन तिथं राहिले. नवीन माल शेडमागं उरलेल्या टेकडीच्या जुन्या मातीचा, दळलेला, प्रत्येक पोत्यातली मूठ वाफेवर घातलेली. चंदाबाईचा नवरा मच्छिंद्र अबोल माणूस. तो पाट्या उचलून देत होता. मिक्सरमध्ये खडी पडायच्या आधी तो दर वेळी मूठभर घेऊन बघायचा. काय बघत होता कोणास ठाऊक. त्याला थांबवायचा हक्क मला नव्हता.

स्लॅब भरला आणि चौथ्याच दिवशी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर आला. फळ्या-टेकू अजून तसेच होते. ते निघायला तीन आठवडे लागतात. चंदाबाईला आपला नवा स्लॅब खालून बघायलाही मिळाला नाही. बिऱ्हाड ट्रॉलीत चढवताना तिनं मला बाजूला घेतलं.

"टेकू काढायला तुमी येणार का?"

"येणार."

"मिस्त्रीला एकटं नका सोडू."

टेकू काढायच्या दिवशी मी सकाळीच वाडीवर हजर होते. मिस्त्रीनं एकेक बल्ली ठोकून काढली. शेवटची फळी निघाली आणि छत दिसलं. सपाट, करडं, कुठं एक खड्डा नाही. चंदाबाईची सासू, सगळे तिला आत्याबाई म्हणत, दारात उभी होती. थोरली मुलगी आत गेली, खोलीच्या मधोमध उताणी झोपली आणि वर बघत राहिली. धाकटी तिच्याशेजारी आडवी झाली. आत्याबाई म्हणाल्या, "उटा गं, धूळ हाय." पण त्या स्वतःही वरच बघत होत्या.

त्यानंतर मी दर महिन्याला जायला लागले. केजहून जीपनं, मग चालत. आत शिरलं की पहिली मान वर. कोपरा न कोपरा बघायचा, काठीनं ठोकून आवाज ऐकायचा. कधी पाणी शिंपडून बघायचं. आत्याबाई चुलीपाशी बसून राहायच्या. मी ठीक आहे म्हणाले की मान डोलवायच्या.

मधल्या काळात तात्यांची अभ्यासिकाही झाली. आमच्याच मालाची. फक्त प्रत्येक गाडीबरोबर त्यांचा माणूस यायचा आणि कुकरपुढं पूर्ण दोन तास बसून राहायचा. पुढं वर्षानं दादांनी मला तपासणीच्या खोलीची किल्ली परत दिली. डिप्लोमावाली मुलगी लग्न होऊन गेली होती. किल्ली देताना ते म्हणाले, "आता तू चुकणार नाहीस." मला तेवढी खात्री नव्हती. मी पंधरा वर्षं त्या खोलीत बसले आणि एकही रकाना न करता भरला नाही. पण दर वेळी 'ठीक' लिहिताना पेन एक क्षण थांबायचं. ते शेवटच्या दिवसापर्यंत थांबत होतं.

पण हे नंतरचं. मला त्या हिवाळ्यातला एक दिवस सांगायचाय. संक्रांत होऊन गेली होती. वाडीवर नेहमीप्रमाणे गेले. मुली शाळेत होत्या. मी काठी घेऊन कोपऱ्यातून ठोकायला लागले. अर्धी खोली झाली असेल, तर आत्याबाई चुलीपासून उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या हातातून काठी काढून घेतली.

"सुमनबाई," त्या म्हणाल्या, "च्या प्यायला यायचं आसंल तर कवाबी या. स्लॅब बगायला आता येऊ नका."

त्यांनी पोतं अंथरलं, बशीत चहा ओतून दिला आणि माझ्या समोर बसल्या. चंदा कुठल्या कारखान्यावर आहे, थोरलीला गणितात किती मार्क पडले, धाकटी कशी ऐकत नाही, हे सगळं सांगत बसल्या. मी तासभर तरी बसले असेन. निघाले, वाडीची टेकडी उतरून रस्त्याला लागले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या तासाभरात मी वर बघितलंच नव्हतं.